दुःखाला ट्विस्ट नसतो

"हिनेच मारलंय त्याला."

सिनेमा सुरू होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. मोबाइल तांब्याला टेकवून मी आणि भाची बघत बसलो होतो. पडद्यावर एक आई. तिचा सहा वर्षांचा मुलगा तळ्यात बुडून गेलाय. नवरा-बायको सगळं मागे टाकायला म्हणून डोंगरातल्या एका बंगल्यात येऊन राहिलेत. रात्री ओल्या पावलांचा आवाज येतो, फरशीवर पाणी दिसतं, नवरा काही बोलत नाही. सिनेमाचं नाव सांगत नाही. या जातीच्या सिनेमांत नावं, तळी आणि बंगले यांची आपसात अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही.

भाचीचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला. मारलं नव्हतं, पण मुलगा पाण्यात उतरला तेव्हा आई पाठ करून फोनवर बोलत होती, आणि हे तिने स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवलं होतं. मग कबुली, मग आक्रोश, मग पाऊस थांबतो, ऊन पडतं आणि बाई गाडीत बसून घाट उतरते. "सांगितलं होतं ना," म्हणून भाचीने आळस दिला.

"कशावरून ओळखलंस?"

"ती जास्तच रडत होती की, आत्या."

आठवडाभराने ती हेच शेजारच्या अक्कांबद्दल बोलली. शब्द जरा मऊ होते इतकंच. अक्का आमच्या गल्लीत, म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात, विड्या वळतात. त्यांचा थोरला मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होता. 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेला. शेवटचा हातही लावू दिला नाही, पिशवीत गुंडाळलेला लांबून दाखवला. चार वर्षांच्या वर होऊन गेली, पण पाळी सुटून तो यायचा त्या वेळेला अक्कांना अजून कडी वाजल्यासारखी वाटते. त्या उठतात, दार उघडतात, गल्लीत दोन्हीकडे बघतात आणि दार लावून घेतात. भाचीने हे दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाली, "काहीतरी असणार, आत्या. त्या दिवशी भांडण झालं असेल. नाहीतर इतकी वर्षं कोण असं करतं?"

माझी तक्रार त्या "काहीतरी असणार"शी आहे. आणि ते वाक्य तिला कुणी शिकवलं याचा विचार केल्यावर मला ती ओल्या फरशीची बाई आठवली.

मानसिक थरारपट म्हणून जो माल आज घरोघरच्या मोबाइलवर आहे, त्यातल्या कितीतरी कथा शोकावर उभ्या असतात. मूल गेलेली आई, बायको गेलेला पोलीस अधिकारी, बहीण हरवलेली मुलगी. कारण उघड आहे. शोक झालेल्या माणसाला झोप नसते, वेळेचं भान सुटतं, तो एकटा असतो, त्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कुणाला ठरवता येत नाही. लेखकाला आयतं पात्र मिळतं. अडचण पुढे येते. थरारकथेला गुपित लागतं आणि शोकात गुपित नसतं. माणूस होता, आता नाही, आणि ज्याचा गेला त्याला ते रोज सकाळी नव्याने कळतं. यात उलगडायचं काय? म्हणून लेखक गुपित बाहेरून आणून आत ठेवतो. रडणाऱ्याच्या हातून काहीतरी घडलेलं असतं, किंवा मेलेला मेलेला नसतो, किंवा रडणाराच मेलेला असतो. दोन तास आपण हुंदक्यांकडे पुरावा म्हणून बघतो. असे पाच-पन्नास सिनेमे झाले की नजर तशीच पडून जाते, मग समोर पडदा असो नाहीतर शेजारच्या घराचं दार.

ही नजर फक्त मोबाइलने दिली असंही नाही. गल्लीतल्या एका बाईने अक्कांना "बाहेरचं काही आहे का बघून घ्या" असं सुचवलं होतं. देवऋषी आणि पटकथालेखक यांचं इथे एकमत आहे: त्रासामागे एक लपलेलं कारण असतं, ते धरलं, त्याचं नाव घेतलं, की माणूस मोकळा. एक लिंबू वापरतो, दुसरा फ्लॅशबॅक.

कडी वाजल्याचा भास होणं किती विपरीत आहे, ते बघू. डेवी रीस नावाचे वेल्समधले एक साधे फॅमिली डॉक्टर होते. आपल्या भागातल्या जोडीदार गमावलेल्या 293 जणांना ते भेटले, 227 बायका आणि 66 पुरुष, आणि 1971 मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला माणूस जवळ असल्यासारखा वाटत होता, काहींना दिसत होता, काहींना ऐकू येत होता, कितीकांना हे वर्षानुवर्षं होत होतं. ही माणसं वेडी नव्हती, घरदार सांभाळून होती. बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता. आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: यातल्या बहुतेकांनी डॉक्टरांनी विचारेपर्यंत ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

का सांगितलं नसेल, ते अक्कांच्या गल्लीत राहिल्यावर विचारावं लागत नाही. सिनेमात तोच आवाज ऐकू आला की पार्श्वसंगीत बदलतं, कॅमेरा हळूच बाईच्या डोळ्यांवर जातो आणि आपण समजतो, बिघडली ही. निम्म्या जगाला होणारी गोष्ट आपण वेडाची पहिली खूण म्हणून वापरून ठेवली आहे. मग ज्याला होते तो गप्प बसतो, आणि गप्प बसला म्हणून आणखी संशय येतो.

"भूतकाळातून बाहेर पडणं" ही कल्पना मोठमोठ्यांनीही मांडून पाहिली आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1917 साली शोक आणि विषाद यांवर जो निबंध छापला, त्यात शोक हा आजार नाही असं त्याने स्वच्छ म्हटलं, ही त्याची थोरवी. पण शोक हे एक काम आहे, गेलेल्या माणसात अडकलेला जीव धागा धागा सोडवून घ्यायचा आणि काम संपलं की माणूस पुन्हा मोकळा, असा त्याचा हिशेब होता. पुढे जानेवारी 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने बिन्सवांगर या आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं. त्या मित्राचाही मुलगा गेला होता. पत्राचा आशय असा, की तीव्र दुःख ओसरतं, पण समाधान होत नाही, त्या जागी दुसरं काही आलं तरी ते दुसरंच राहतं, आणि ते तसंच असायला हवं. सिद्धान्त करणाऱ्या माणसाला बापाने दुरुस्त केलं. थरारपट मात्र अजून 1917 मध्येच आहेत, त्यातही निबंधाच्या अर्ध्या भागात.

सगळेच नव्हेत, हे कबूल. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' 1958 चा. त्यातल्या नायकाला विसरायचंच नसतं. गेलेल्या बाईसारखी दिसणारी दुसरी भेटते तेव्हा तो तिला तेच कपडे, तेच केस, तोच अंबाडा घालायला लावतो. कटाचं गुपित प्रेक्षकाला बरंच आधी सांगून टाकलेलं असतं, म्हणून आपण रहस्याकडे न बघता त्या माणसाच्या हट्टाकडे बघत राहतो आणि अंगावर काटा येतो. तो काटा खरा आहे. आपल्याकडे 2012 च्या 'कहानी'त कोलकात्यात नवऱ्याला शोधत फिरणारी गरोदर विद्या शेवटी पोटावरचं सोंग काढून टाकते आणि कळतं की नवरा आधीच गेलेला आहे, ही हिशेब चुकता करायला आली आहे. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं, त्या टाळ्या तिच्या दुःखाला नव्हत्या, दुःखाचं काम झाल्याला होत्या. ती नुसती लॉजच्या खोलीत बसून राहिली असती तर तिकीट कुणी काढलं असतं? मीसुद्धा नाही. हा दोष माझ्याही पदरात घेते.

आता पळण्याबद्दल. या सिनेमांतला शोक करणारा नेहमी कुठेतरी जातो. डोंगरात, समुद्रकाठी, परदेशात, आजोळच्या बंद वाड्यात. नोकरीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. भूतकाळापासून पळायलाही भाडं लागतं आणि तिथे पोचल्यावर घरभाडं लागतं, हे पटकथेत येत नाही. अक्कांचा मुलगा ज्या खोलीत वाढला, ज्या खोलीतून रिक्षाने दवाखान्यात गेला, त्याच खोलीत त्या आज मांडीवर सूप घेऊन बसतात. दहा बाय बाराची खोली. भूतकाळ कोपऱ्यातल्या ट्रंकेत आहे, खुंटीवर आहे, दाराच्या कडीत आहे. पळायचं म्हणजे उंबऱ्याच्या पलीकडे, आणि पलीकडे नळ.

विडीचं काम नगावर चालतं. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, आणि मोजून द्यायचं. दर हजारावर. खराब निघाल्या त्या छाट, त्या धरत नाहीत. वळल्या नाहीत तर पैसे नाहीत, मग घरात लग्न असो की मयत. मुलगा गेल्यावर पाचव्या दिवशी अक्कांनी पान भिजत घातलं. सुतकात. तेव्हा गल्ली म्हणाली, बाई दगडाची आहे. आज तीच गल्ली म्हणते, बाई अजून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी शोक कमी पडला आणि पाचव्या वर्षी जास्त झाला. नेमका कितव्या दिवशी तो बरोबर मापात होता, तेवढं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तोही कात्रीने कापून दिला असता.

पंचवीस हजारांचा मोबाइल घेऊन शोकावरचे सिनेमे बघणाऱ्या आपल्यासारख्यांची स्थितीही फार निराळी नाही. खासगी नोकरीतल्या माणसाला घरचं कुणी गेलं म्हणून हक्काची वेगळी पगारी रजा द्यावी, असं आपला कामगार कायदा म्हणत नाही. कंपनीने दिली तर दिली, नाहीतर साठवलेल्या रजेतून काढा. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून अठराच्या आतलं मूल गेलेल्या नोकरदार आईबापांना दोन आठवड्यांच्या रजेचा कायदा झाला. दोन आठवड्यांत काही होत नाही हे खरं. पण "हे दिवस तुझे" असं सरकारने लिहून देण्यात एक मान्यता आहे. आपल्याकडे कोविडमध्ये गेलेल्यांच्या वारसांना 50,000 रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळालं. अक्कांनाही मिळालं, अर्ज मीच भरला. त्यात मृताशी नातं लिहायची एक रेघ होती. सरकारने त्यांच्या दुःखाची केलेली विचारपूस तेवढीच.

कुणी म्हणेल, मग हा आजार समजून उपचार द्या की. 2022 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ चालणाऱ्या शोकाला विकार म्हणून जागा मिळाली. शोक करणारा प्रौढ असेल तर मृत्यूला किमान वर्ष झालेलं असावं, ओढ आणि वेदना जवळजवळ रोज असावी, जगणं अडलेलं असावं, अशा अटी आहेत. मी याच्या विरोधात नाही. अंथरुणातून उठताच न येणाऱ्या माणसाला "होईल बरं" म्हणत बसण्यापेक्षा उपचार केव्हाही चांगला. 2022 च्या ऑक्टोबरपासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी सुरू आहे, तिथे फोन उचलणारं माणूस असतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर आमच्या गल्लीत किती जणांना माहीत आहे, ते विचारू नका. पण त्याच अटींमध्ये आणखी एक आहे: शोक त्या माणसाच्या समाजात, धर्मात, संस्कृतीत अपेक्षित असतो त्यापेक्षा जास्त असावा. आता सोलापुरात ही अपेक्षा कुणाला विचारायची?

आमच्या एका गल्लीत तीन पंचांगं आहेत. कुणाकडे दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध, आणि पुढे दर भाद्रपदात पितृपक्ष. कुणाकडे चाळीसावा, आणि नवरा गेलेल्या बाईची चार महिने दहा दिवसांची इद्दत. लिंगायतांकडे माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. अक्का तेलुगू. रेशनचं, नळाचं, कारखान्यातल्या छाटीचं सगळं मराठीत बोलतात आणि रडतात तेलुगूत. "ना कोडुका" म्हणतात, माझ्या लेका. ते ऐकायला गल्लीतली मराठी माणसं अंग चोरून उभी राहतात. या सगळ्या पंचांगांत एक गोष्ट सारखी आहे. त्यात सुरुवातीचा काळ कडक आहे आणि नंतरचा सैल, पण गेलेल्याचं नाव कायमचं मिटवायची तारीख कशातच नाही. पितृपक्षात दरवर्षी पान वाढायचं म्हणजे तो अजून घरातला आहे, असंच की. आपण मात्र तेराव्याचं जेवण झालं की चपला घालताना म्हणतो, "आता विसरायचं."

खरं तर विसरणं हा या शहराचा स्वभाव नाही. जानेवारीत या. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं. त्याला आता नव्वदच्या वर वर्षं झाली, तरी चार पुतळ्यांपाशी हार पडतात आणि "अजून काय त्यांचं" असं कुणी म्हणत नाही. त्याच दिवसांत गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा, भरतो. सिद्धरामेश्वर योगी, लग्न करायचं नाही, आणि एका कुंभाराच्या मुलीचं मन त्यांच्यावर जडलेलं. तेव्हा त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, अशी कथा. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांच्या साक्षीने अक्षता पडतात आणि मग होम मैदानावर त्याच कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीला दिलं जातं. भक्त याचा अर्थ निराळा लावतील आणि त्यांचा अर्थ माझ्यापेक्षा जुना आहे. मला दिसतं ते एवढंच, की साऱ्या गावाने एका मुलीचं लग्न आणि तिचं जाणं शेकडो वर्षं दरवर्षी पुन्हा बघायचं ठरवलं आहे. शेजारी आकाशपाळणा फिरत असतो, पोरं भेळ खात असतात. दोन्ही एकाच मैदानात मावतात. अक्काही गड्ड्याला जातात. मुलगा गेल्यावरही गेल्या. "मग आता बरी आहे की," असं लोक म्हणाले, आणि त्या रात्री त्यांनी पुन्हा दार उघडलं तेव्हा तेच लोक बुचकळ्यात पडले.

म्हणून मला थरारपट बंद करायचे नाहीत, त्यावर सूचना छापायच्या नाहीत, आणि सेन्सॉरच्या हातात आणखी एक कात्री तर अजिबात द्यायची नाही. रात्रीचं घर, चुकलेली वेळ, ओळखीच्या खोलीचं अनोळखी होणं, हे शोकातलं सगळं आमच्या कौटुंबिक मालिकांपेक्षा थरारपटाला फार चांगलं दाखवता येतं. मालिकेत माणूस गेला की दोन भाग पांढरी साडी आणि तिसऱ्या भागात इस्टेट. थरारपट निदान त्या रात्रीत थांबतो. माझं भांडण शेवटच्या वीस मिनिटांशी आहे, जिथे बाईला एकतर बेड्या पडतात नाहीतर ऊन पडतं. एखाद्या लेखकाने तिला दोन्हींतून सोडून दाखवावं. आवाज येतो, दार उघडतं, बाहेर कुणी नाही, आणि तिचा काहीही गुन्हा नाही. पुढे काय, या प्रश्नाने प्रेक्षक खुर्चीला खिळत असेल तर तो थरारच आहे. निर्माता विचारेल, ट्विस्ट काय? त्याला सांगता येईल की प्रेक्षक दोन तास जिच्यावर संशय घेत होता तिने काहीच केलेलं नव्हतं. या जातीच्या सिनेमात याहून अनपेक्षित काही उरलेलं नाही.

भाचीला हे सगळं मी त्या दिवशी ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि "आत्या, तू सिनेमाचा फार विचार करतेस" म्हणाली. तेही खरं असेल. पण मी तिला अक्कांकडे दोरा बांधू लागायला पाठवायला लागले. त्यांची नजर आता कमी झाली आहे आणि संध्याकाळपर्यंत हजार भरत नाहीत.

परवा ती परत आली तेव्हा बोटांना तंबाखूचा वास येत होता. इतका वेळ काय बोलत होतात, असं मी विचारलं.

"काही नाही. पाळीवरून आल्यावर तो काय काय खायचा ते सांगत होत्या. तीनदा सांगितलं."

"मग?"

"मग काय, तीनदा ऐकलं," म्हणाली, आणि हात धुवायला मोरीत गेली.